द्वितीयेची भरती

नारळ माझ्या ताटात होता आणि तो फोडायचा मान ज्यांचा, ते आले नव्हते.

भाद्रपदातली पौर्णिमा. ऊन डोक्यावर आलं होतं. खाडीचं पाणी तिवरांच्या मुळांवरून चढत खोडांना लागलं होतं. आमची नवी होडी उतारावर, तेल चोपडलेल्या ओंडक्यांवर बसवलेली. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याकडे, नाळेला झेंडूची माळ, दोन्ही अंगांना हात टेकवून उभे राहिलेले गावातले पुरुष. सगळे माझ्या नवऱ्याकडे बघत होते आणि हे पलीकडच्या काठाकडे बघत होते.

"सदा, पाणी भरत आलं," दत्ताराम मेस्त्री म्हणाले. होडी त्यांनीच बांधली होती. "नारळ फोड आणि लाव हात."

"दादा येतोय."

"दादा येतोय म्हणून भरती थांबायची नाय."

"मान त्याचा हाय, मेस्त्री. त्याच्या हातचा नारळ पडल्याशिवाय आमच्या घरची होडी पाण्यात गेलेली नाय. बापाच्या बापापासून."

मेस्त्रींनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं.

दादा म्हणजे माझे मोठे दीर, धोंडू. खाडीच्या पलीकडे, तोंडाजवळ त्यांचं घर. बापाची होडी वाटणीत त्यांच्याकडे गेली. ह्यांच्या वाट्याला आलेली लहान होडी एका वादळात खडकावर फुटली, तेव्हा हे दोन हंगाम भावाच्याच होडीवर खलाशी म्हणून गेले. भाऊ वाईट वागला असं नाही म्हणता येणार. पण मासळी उतरवताना, जेटीवरच्या चारचौघांत, "सदा, बादली आण," असं ते म्हणायचे. त्या दिवशी हे घरी येऊन जेवायचे नाहीत. नवी होडी बांधायचं ठरलं तेव्हा माझ्या अंगावर होतं नव्हतं ते सगळं लाकडात गेलं. ह्यांनी मेस्त्रींना मापं सांगितली, तेव्हा मी शेजारी होते. "दादाच्या होडीपेक्षा दोन हात लांब," एवढंच सांगितलं.

"एक हात पुरे," मेस्त्री म्हणाले होते. "ह्या खाडीत एवढी मोठी मी कधी बांधली नाय."

"दोन."

इंजिनही आधीच बसवलेलं होतं. दुसऱ्या गावांत होडी आधी पाण्यात सोडतात, मग इंजिन चढवतात. आमच्या खाडीत तसं चालत नसे. धडधडत पाण्यात गेली ती नवरी, दोरानं ओढून नेली तो मुडदा, असं म्हणायचे. म्हणून इंजिन, नांगर, साखळी, डिझेलचं पिंप, तळातले वजनाचे दगड, सगळं जागच्या जागी होतं.

पाणी तिवरांच्या फांद्यांना लागलं आणि तिथंच राहिलं. वर चढेना, खाली उतरेना.

तेव्हा धोंडू भावोजी आले. पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. लहानशा डुबकी होडीतून उतरताना पाय भिजणार नाहीत अशी जागा बघून उतरले.

"उशीर झाला काय रे?" त्यांनी विचारलं. "जेवत होतो."

मी ताट पुढे केलं. मोठे दीर माझ्याशी थेट बोलत नसत. मान वळवून त्यांनी नारळ उचलला, नाळेवर फोडला, अर्धं पाणी खाडीत ओतलं. ह्यांनी वर चढून इंजिन चालू केलं. ते धडधडलं, बायकांनी अक्षता टाकल्या, मेस्त्रींनी आरोळी दिली आणि एवढ्या सगळ्या हातांनी होडी एकदम हलली.

ती सुंदर निघाली होती. नाळ पाण्यात शिरली, माळ पाण्यावर तरंगली, पोरं ओरडली. मग मागचा भाग शेवटच्या ओंडक्यावरून उतरला, चिखलात बसला, आणि होडी थांबली.

"हात लावा! अजून एक!"

लावला. पुन्हा लावला. इंजिन बंद करून लावला. गुडघाभर चिखलात उभे राहून पुरुष ओरडत होते, आणि त्यांच्या मांड्यांवरची ओली रेघ हळूहळू उघडी पडत होती. ओहोटी लागली होती.

संध्याकाळपर्यंत पाणी दूर गेलं आणि होडी उजव्या कुशीवर कलंडली. मेस्त्रींनी घाईनं बांबूचे टेकू लावले.

"दोन हात लांब झाली ना," धोंडू भावोजी निघताना म्हणाले. "तेवढंच पाणी कमी पडलं बघ."

भाऊ डुबकीत बसून पलीकडे जाईपर्यंत हे तिकडे पाठ करून उभे होते.

गावातले लोकही निघाले. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सदा, उद्यापासून पाख. पितरांच्या दिवसांत नव्या होडीला कुणी हात लावायचा नाय, तुला ठाऊक हाय. सर्वपित्री होऊ दे. घटस्थापनेला सगळे येऊ."

"तोपर्यंत काय उरेल?" मेस्त्री एकदम म्हणाले. "कुशीवर पडलेली होडी. रोज दोन भरत्या. दोनदा उचलणार, दोनदा आपटणार. पंधरा दिवसांनी तुम्ही याल ते लाकडं गोळा करायला याल."

म्हातारा वळला. "रीत हाय, मेस्त्री," असं म्हणून गेला.

चिखलात आम्ही दोघं, मेस्त्री आणि त्यांचे दोन कामगार राहिलो. माळ पाण्यानं नाळेवरून ओढून नेली होती.

"पाणी अजून चढणार हाय," मेस्त्री म्हणाले. "पुनवेचं पाणी मोठं म्हणतात, पण खरं मोठं प्रतिपदेचं, आणि सगळ्यात मोठं द्वितीयेचं. मग उतरत जाईल, असं पाणी पुन्हा अमावास्येलाच. दोन दिवस हायत आपल्याकडे. दिवसाच्याच भरत्या. अंधारात कलंडलेल्या होडीखाली मी माणूस घालायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी इब्राहिमभाई आपली होडी घेऊन खाडीत आले. खाडीच्या तोंडापलीकडच्या मोहल्ल्यातले. त्यांना हाक मारायला हे पहाटेच गेले होते.

"आमच्यात पाख नाय रे," ते वरूनच ओरडले. "दे दोर!"

त्यांची होडी धोंडू भावोजींच्या होडीएवढीच, पण इंजिन जोराचं. नाळेच्या लोखंडी कडीला जाड दोर बांधला. आम्ही पाचजण मागून. भरतीला जोर आला तशी आमची होडी सरळ झाली, टेकू आपोआप सुटले. माझ्या तळहाताखाली लाकूड थरथरलं. मला वाटलं, झालं.

"ओढा!"

इब्राहिमभाईंच्या इंजिनानं काळा धूर सोडला. दोर ताठ झाला, त्यातून पाणी पिळलं गेलं. आमची नाळ खाली वाकली, आणखी वाकली, आणि मागचा भाग चिखलात जास्तच खोल बसला. मेस्त्री हात हलवत "थांबा, थांबा" म्हणत होते. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. कडी लाकडासकट उपसून निघाली. दोर चाबकासारखा फिरून पाण्यावर आपटला. होडी डाव्या कुशीवर अशी पडली, की मेस्त्रींच्या कामगारानं वेळेवर उडी मारली नसती तर तो खाली सापडला असता.

इब्राहिमभाई होडी जवळ आणून बराच वेळ बघत राहिले.

"सदा, वाईट वाटून घेऊ नको. हिचं नाक हलकं हाय आणि ढुंगण जड. नाक ओढून ढुंगण येत नाय."

एवढ्या वेळात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. हसणाऱ्यात हे नव्हते.

"उद्या परत येशील?" ह्यांनी विचारलं.

"उद्या जमणार नाय रे. जाळी टाकलेली हायत, माणसं अडकून बसलीत. आज आलो ते तुझ्या तोंडाकडे बघून."

ते गेले. पाणी उतरलं. हे होडीवर चढले आणि तिरक्या फळ्यांवर पाठ टेकवून बसले. ते खाली येईनात. मुलांना शेजारी ठेवून, भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन मी चिखलातून गेले.

"खाली या."

"नाय."

"जेवून घ्या तरी."

"ऱ्हाव दे तिथं."

मी वर चढले. उताराच्या जमिनीवर बसतात तशी पाय रोवून बसावं लागलं. होडीत नव्या लाकडाचा, तेलाचा आणि चिखलाचा वास होता. डाव्या अंगाच्या दोन फळ्यांमधून उजेड दिसत होता. सांध्यात भरलेला कापूस निघून लोंबत होता. ह्यांनी त्यातला एक धागा ओढून बोटाला गुंडाळला होता.

"उद्या नाय निघाली," ते म्हणाले, "तर दादाच्या होडीवर मी जायचा नाय. सांगून ठेवतंय."

"नका जाऊ. दुसरी कामं आहेत."

"मला दुसरं काय येतं गो?"

ते खाडीकडे बघत होते. पाण्याकडे तसं बघणं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आमच्या वाडीतल्या एका माणसाचं. तो पुढे तिसऱ्या दिवशी खाडीत सापडला. मी भाकरी फडक्यात परत गुंडाळली आणि त्यांच्या बाजूला सरकून, त्यांच्या कोपराला माझं कोपर लागेल अशी बसले. उठून गेले तर हा माणूस मागे एकटा राहील, एवढंच डोक्यात होतं.

मेस्त्री शिडीवरून वर आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. मागे जाऊन इंजिनावर हात ठेवला.

"हे काढायचं."

"नाय," हे म्हणाले.

"हे, नांगर, साखळी, पिंप, दगड. सगळं काढायचं. खालचा चिखल उपसायचा. मग ही उचलेल."

"मेस्त्री, माझी होडी मुडद्यासारखी जायची नाय. दादा बघत बसलेला असेल पलीकडे."

"तुझी असेल. बांधली मी हाय. मुडद्यासारखी न्यायला मलापण नाय आवडत. पण मोडलेली बघायला मी ऱ्हाणार नाय. उद्याच्या पाण्यानंतर मी माझी हत्यारं घेऊन जातंय, काय ते आताच ठरव."

खाली खेकड्यांची बारीक कुरकुर चालली होती. मी उठले, मागे गेले. इंजिन ज्या जाड लाकडांवर बसवलेलं होतं, तिथं चार मोठे बोल्ट होते. शेजारी हत्यारांची पिशवी पडलेली.

"पाना कुठला लागतो, मेस्त्री?"

"अगो, तू कशाला..."

"पाख आहे. नव्या होडीला गावातलं कुणी हात लावत नाही. मग बाईनं लावला काय आणि पुरुषानं लावला काय."

मेस्त्रींनी निमूट एक पाना काढून दिला. मी तो बोल्टला अडकवला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. काही हललं नाही. पुन्हा लावला. पाना सटकून माझी बोटं इंजिनावर आपटली, कातडी निघाली. मी पुन्हा अडकवला.

मागून आवाज आला.

"उलटा फिरवतेस. आवळतेस तू तो."

मी पाना सोडला नाही. हे तिरक्या फळ्यांवरून धरत धरत आले, माझ्या हातातून पाना घेतला, आणि त्यांनी पहिला बोल्ट सोडवला.

अंधार पडेपर्यंत चारही बोल्ट निघाले. रात्रीच्या पाण्यात होडी आपटू नये म्हणून दोन्ही अंगांना टेकू दिले आणि आम्ही काठावर बसून राहिलो. पाणी आलं, तिला हलवून गेलं. प्रत्येक वेळी लाकूड करकरलं की हे उभे राहायचे. सकाळी ओहोटीत तीन वासे एकत्र बांधून तिवई केली, तिला साखळीची कप्पी लावली. इंजिन इंच इंच वर आलं. ते बाहेर काढून फळ्यांवरून ओढत काठावर नेलं. माझ्या नवऱ्यानं त्यावर आपला पंचा पांघरला. चेहरा झाकतात तसा. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पंचा लगेच काढला आणि ताडपत्री घातली.

मग दगड. मग चिखल. फावड्यानं उपसलेला चिखल जागेवर परत घसरत होता, म्हणून पाट्या भरून लांब नेऊन टाकायचा. मेस्त्री उघडलेल्या सांध्यांमध्ये कापूस ठोकत होते. त्यांचे कामगार आणि हे होडीखाली पोटावर पडून हातांनी माती ओढत होते. होडी अंगावर आली असती तर कुणी वाचलं नसतं. ह्यांना बाहेर यायला सांगून उपयोग नव्हता. मी पाट्या वाहत होते. माझ्या पायांना कालवांच्या कवचांनी चिरा पडल्या होत्या. खाऱ्या चिखलात त्यांची इतकी आग होत होती, की काही वेळानं ती जाणवेनाशी झाली.

काठावरच्या वाटेनं लोक जात होते. पितरांसाठी केळीची पानं, भाज्या घेऊन. काही थांबायचे. एक बाई म्हणाली, "सुगंधा, उगाच जीव देतेस गो." मी पाटी उचलली.

दुपारी पाणी आलं.

"एक माणूस आत हवा, पाणी उपसायला," मेस्त्री म्हणाले. "सांधे मी भरलेत, पण गळणार. बाकी सगळे मागे."

सगळ्यांत हलकी मी. मी बादली घेऊन आत गेले. नाळेभोवती गुंडाळलेल्या दोराचं एक टोक काठावरच्या खुंटाला बांधलेलं होतं, होडी सुटलीच तर वाहून जाऊ नये म्हणून.

पाणी फळ्यांतून आत आलं, घोट्याला लागलं. मी उपसायला लागले. बाहेरचं मला काही दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होते. मेस्त्रींची आरोळी, चौघांचा एकत्र हुंकार, चिखलातून पाय निघताना होणारा चोखल्यासारखा आवाज. होडी सरळ झाली. काल इथपर्यंत झालं होतंच. मी बादली भरत होते, ओतत होते.

"अजून एक!"

काही नाही.

"अजून एक!"

काही नाही. आत पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. माझे हात बादली उचलेनासे झाले. पाणी आता माथ्यावर असणार, उतरायला लागणार. बाहेर कुणीतरी रडत होतं. रडत रडतच जोर लावत होतं. तो आवाज माझ्या नवऱ्याचा होता.

"अजून एक, सदा. आई गेली, तिला खांदा देतोयस असं समज आणि लाव," मेस्त्री ओरडले.

मला वाटलं मला घेरी आली. काठावरची झाडं मागे सरकली. मग कळलं, झाडं नाही, मीच. मागचा भाग हलकेच उचलला गेला, पाळणा सोडतात तसा, आणि पायाखालची खरखर थांबली. मागे पाण्यात चारजण एकावर एक पडल्याचा आवाज आला.

"सुटली! सुटली!"

मी कडेशी धावले. हे छातीभर पाण्यात उभे होते, तोंडात चिखल, दोन्ही हात वर. मीही हात वर केले. मग मी दोराकडे बघितलं. तो ताठ झाला, काठावरचा खुंट वाकला, आणि सकाळपासून आम्हीच भोवतालची माती उपसून मऊ केलेल्या जमिनीतून अलगद बाहेर आला.

ओहोटी लागली होती. होडी तोंडाकडे निघाली.

"नांगर टाक!" हे ओरडले.

नांगर काठावर, इंजिनाशेजारी होता. सुकाणू चिखलात मोडेल म्हणून मेस्त्रींनी काढून ठेवलेलं. वल्हं नव्हतं. माझ्याकडे बादली होती. हे पोहायला लागले, पण होडीचा वेग वाढत होता आणि अंतरही. मी ओरडले नाही. उपसणं सोडलं तर होडी बुडेल, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून उपसत राहिले आणि तिवरं मागे जाताना बघत राहिले.

खाडी तोंडाशी अरुंद होते. तिथं एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला धोंडू भावोजींचं घर. पुढे उघडा समुद्र, पांढऱ्या लाटा. होडी बरोबर मध्यावर आली आणि पायाखालून आवाज आला. सुपात तांदूळ घोळवल्यासारखा. वाळूचा.

मी बादली घट्ट धरून उभी राहिले. होडी थांबली. अगदी थांबली. मागून पाणी येऊन तिच्या अंगावर वळसे घ्यायला लागलं. नाळ थोडी खडकाकडे वळली. मी काय करणार? मी देवाचं नाव घेतलं नाही. मी नाळेकडे धावले. का धावले ते मला आजही सांगता येणार नाही. मागे भार कमी व्हावा, एवढंच काहीतरी डोक्यात आलं असेल. होडीची मागची बाजू केसभर उचलली गेली. तोच आवाज पुन्हा सुरू झाला, नाळेखालून मध्याकडे, मध्याकडून मागे गेला, आणि संपला.

खाली पुन्हा पाणी होतं.

"दोर टाक!"

धोंडू भावोजींची होडी शेजारी आली होती. ते एकटेच होते, उघडेबंब, डोक्यावर टोपी नाही. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले होते. मी नाळेचा ओला दोर ओढून घेतला, फेकला. पहिल्यांदा तो पाण्यात पडला. दुसऱ्यांदा त्यांनी झेलला, आपल्या होडीला बांधला आणि आपला नांगर टाकला. दोन्ही होड्या हळूहळू स्थिर झाल्या.

त्यांनी लांब बांबू काढला, मागे वळून, जिथं आम्ही अडकलो होतो तिथं पाण्यात खुपसला. बांबू फार खाली गेला नाही. त्यांनी तो वर काढला, त्याच्या ओल्या खुणेवर अंगठा ठेवला आणि आमच्या होडीच्या अंगाला लावून बघितला. मग दुसऱ्या जागी खुपसला, तिसऱ्या जागी.

"पावसात वाळू चढली हाय," ते म्हणाले. "आमच्या लहान होड्यांना कळलंच नाय. इंजिन खाली काढलंत?"

"हो. आणि दगड, आणि नांगर."

"म्हणजे वीतभर तरी वर आली ही." त्यांनी बोटं पसरून होडीच्या अंगावर ठेवली. पाख चालू होता, पण त्यांनी हात काढला नाही. "परवा सगळं सामान घेऊन धडधडत आली असती, तर इथं बसली असती. भरतीच्या माथ्यावर बसलेली होडी. ओहोटीत, ह्या लाटांत. संध्याकाळपर्यंत काय ऱ्हायलं असतं?"

"परवा तुम्ही वेळेवर आला असता, तर आली असती," मी म्हणाले.

ते दोराची गुंडाळी करायला लागले. एक वेटोळं, दुसरं वेटोळं.

"जेवत नव्हतो मी," ते खाली बघून म्हणाले. "पडवीत बसलो होतो. टोपी घालून. पाणी माथ्यावर यायची वाट बघत."

ह्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. त्या होडीनं आमच्या दोन मुलांची लग्नं बघितली. भावाचा उशीर ह्यांनी कधी माफ केला नाही आणि त्या उशिरामुळेच होडी वाचली, हे मी ह्यांना सांगितलं, तरी त्यांनी ते मानलं नाही. "दादानं घात केला होता, वाळूनं सोडलं," असंच ते म्हणत राहिले. दोन्ही खरं होतं.

पण त्या दुपारी अजून ते काही ठाऊक नव्हतं. त्या दुपारी हे पोहत आले. ओहोटीबरोबर आले तरी ते अंतर मोठं होतं, आणि दोन दिवस पोटात काही नव्हतं. त्यांनी होडीच्या कडेला हात लावला आणि तसेच लटकत राहिले. वर बघून मला विचारलं,

"घासली?"

"घासली."

"किती?"

"नाळेपासून मागपर्यंत."

त्यांनी श्वास घेतला आणि खाली गेले. पाण्यावर बुडबुडे आले, मग तेही थांबले. मी कडेवर वाकले. धोंडू भावोजी आपल्या होडीतून आमच्या होडीत आले, माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले. पाणी गढूळ होतं, खालचं काही दिसत नव्हतं. दीर एकदम म्हणाले, "सदा." हाक मारल्यासारखं नव्हे, नुसतंच.

मागच्या टोकाला डोकं वर आलं. त्यांनी खोकून पाणी टाकलं. उजवा तळवा रक्तानं भरला होता. होडीच्या तळाच्या सगळ्या कण्यावरून, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, त्यांनी तो फिरवला होता.

"अख्खी हाय," हे म्हणाले आणि कडेनं हात लावत आमच्यापाशी आले.

भावोजींनी परत जायच्या तयारीनं एका हातानं दोन होड्यांमधला दोर सोडवायला घेतला, दुसरा हात खाली केला. "चढ वर."

ह्यांनी तो हात धरला. मनगटापासून घट्ट. पण वर यायची घाई केली नाही. तसेच पाण्यात राहून त्यांनी भावाच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं.

"दोर सोडू नको, दादा," ते म्हणाले. "हिला इंजिन नाय."